गोदीतल्या बोटी आणि एक पितळी बिल्ला : प्रकल्पाच्या नोंदी

५ जानेवारी २०२५

आज सुरुवात केली. दोनशे पानी वही आणली. भाच्याने संगणकावर तक्ता करून दिला आहे, पण पहिलं टिपण हातानेच करणार. हाताने लिहिताना नाव दोनदा वाचलं जातं.

काम असं : १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकीन' ही दारूगोळ्याने भरलेली बोट फुटली. त्या दिवशी आसपास लागलेल्या प्रत्येक बोटीचं पुढे काय झालं, ते एका जागी आणायचं.

कारण घरातलंच आहे. माझ्या आजोबांचे धाकटे भाऊ, आम्ही सगळे त्यांना धाकटे आजोबा म्हणतो, ते गोदीत क्रेनवर होते आणि त्या दिवशी गेले. घरात एकच वाक्य चालत आलंय : "जलपद्मावर गेले." कुणी म्हणतं, तिचं सामान उतरवत होते. कुणी म्हणतं, तिच्याखाली सापडले. लहानपणी मला जलपद्मा हे देवीचं नाव वाटायचं. ती बोट होती हे मला सातवी-आठवीत कळलं.

तक्त्याचे रकाने : बोटीचं नाव, झेंडा, मालक, टनेज, तारीख, काय झालं, कशामुळे, खात्री. आत्याला फोन करून सांगितलं. म्हणाली, "कर गो बाय, पण आधी गावी ये. बिल्ला माझ्याकडं हाय."

बिल्ल्याबद्दल मी आज पहिल्यांदा ऐकलं.

११ जानेवारी

पहिली ओळ फोर्ट स्टिकीनचीच. कॅनडातल्या प्रिन्स रूपर्ट इथे १९४२ मध्ये बांधलेली, युद्धासाठी घाईने काढलेल्या 'फोर्ट' जातीच्या बोटींपैकी एक. ७,१४२ टन. २४ फेब्रुवारी १९४४ ला इंग्लंडमधल्या बर्कनहेडहून निघाली, कराचीमार्गे १२ एप्रिलला मुंबईत आली. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं, पेट्यांत बांधलेली लढाऊ विमानं आणि सोन्याच्या विटा. कराचीला वर चढवलं ते कापसाचे ८,७०० गठ्ठे, लाकूड, तेलाची पिंपं, गंधक, राळ, सुक्या मासळीचं खत. ही यादी लिहून झाल्यावर मी बराच वेळ पुढे लिहू शकले नाही. खाली स्फोटकं आणि वर कापूस. गिरणगावात वाढलेल्या कुणालाही विचारा, कापसाचा गठ्ठा पेटला की विझत नाही. वरून पाणी मारलं तरी आत धुमसत राहतो.

इथेच पहिली चूक केली. तक्त्यात "७,१४२ टनांच्या बोटीत १,४०० टन माल" असं लिहून वजाबाकी करायला बसले. रात्री लक्षात आलं की बोटीचं टनेज म्हणजे वजनच नव्हे. ते आतल्या जागेचं माप आहे, शंभर घनफुटांचा एक टन. मालाचा टन वजनाचा, बोटीचा टन जागेचा. शब्द एकच, वस्तू दोन. रकान्याचं नाव बदलून "टनेज (जागा)" केलं.

१९ जानेवारी

नावं. रविवार सगळा यातच गेला.

पूर्ण गेलेल्या म्हणून ज्या बोटी सगळीकडे येतात त्या अशा : सिंधिया कंपनीच्या जलपद्मा आणि एल हिंद, शिवाय बरोडा, फोर्ट क्रेव्हिए, किंगयुआन. पनामाचा झेंडा लावलेली इराण. नॉर्वेची ग्रासिओसा. इजिप्तची रोद एल फराग. आणि तीन डच : टिनोम्बो, जनरल व्हान स्वीटेन, जनरल व्हान डर हेयडन. एका दुपारी एका गोदीभोवती इतक्या देशांचे झेंडे होते हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं.

अडचण स्पेलिंगची. जलपद्मा कुठे एका शब्दात, कुठे दोन शब्दांत, कुठे मधला स्वर गाळून. डच जनरलसाहेबांच्या आडनावातली अक्षरं तर प्रत्येक यादीत जागा बदलतात. रोद एल फराग हे कैरोतल्या नाईलकाठच्या एका भागाचं नाव आहे हे कळलं, तेव्हा कुठे तिचं बरोबर रूप ठरवता आलं.

यातून एक नियम केला. दोन याद्यांत एकच चूक सारखी असेल तर त्या दोन नव्हेत, एकच आहेत. एकीने दुसरीवरून उतरवून घेतलंय. "खात्री" रकान्यात पूर्ण खूण तेव्हाच करायची, जेव्हा दोन माहित्या वेगवेगळ्या हातांच्या असतील. या कसोटीने माझ्या अकरा पूर्ण खुणांतल्या पाच उतरल्या. वाईट वाटलं, पण आता उरलेल्या सहांवर विश्वास बसतो.

२६ जानेवारी

"काय झालं" या रकान्याने दमवलं. मी सरसकट "बुडाली" लिहीत होते. ते चूक आहे.

गोदीत पाणी उथळ. तिथे बोट बुडाली तरी तळाला टेकते आणि वरचा भाग बाहेर राहतो. जलपद्माचा मागचा भाग स्फोटाने उचलून धक्क्यावर फेकला, म्हणजे ती पाण्यात गेली असं म्हणताच येत नाही. काही बोटी आतून जळाल्या आणि तरंगत राहिल्या. आणि एक प्रकार असा की बोट उभी आहे, पण दुरुस्तीचा खर्च तिच्या किमतीच्या वर जातो, म्हणून विमावाले तिला गेलेली धरतात. नुसत्या हिशेबात गेलेली. अशा बोटींचा सांगाडा पुढे कोठार म्हणून वापरतात, मग भंगारात काढतात.

आता या रकान्यात सहा शब्द ठेवले आहेत : बुडाली, टेकली, जळाली, फुटली, हिशेबात गेली, दुरुस्त होऊन निघाली. शेवटचा शब्द लिहायची संधी मिळाली की बरं वाटतं.

२ फेब्रुवारी

आज जलपद्मा घेतली. मालक सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन, म्हणजे सोलापूरच्या वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये सहकाऱ्यांबरोबर काढलेली कंपनी. तिच्या बहुतेक बोटींच्या नावात "जल" असायचं. मग वाटलं, बाकीच्या "जल" बोटींचं काय झालं? एवढं विचारलं आणि प्रकल्प गोदीच्या भिंतीबाहेर गेला.

जानेवारी १९४२ : जलराजन सुमात्राजवळ जपानी पाणबुडीने बुडवली. ३० आणि ३१ जानेवारी, लागोपाठच्या दोन दिवसांत, बंगालच्या उपसागरात जलतरंग आणि जलपालक. ऑक्टोबर १९४३ : जलबाला, अरबी समुद्रात, जर्मन पाणबुडी यू-५३२.

जलतरंग आणि जलपालकपाशी दोन रात्री अडकले. एका ठिकाणी पाणबुडीचं नाव आय-६४, दुसऱ्या ठिकाणी आय-१६४. मी एकीला चूक ठरवून खोडणार होते. खोडलं नाही हे बरं झालं. २० मे १९४२ रोजी जपानी आरमाराने जुन्या पाणबुड्यांच्या क्रमांकांत शंभर मिळवले. दोन्ही नावं बरोबर, पाणबुडी एकच. आणि ही पाणबुडी त्याच्या तीन दिवस आधी, १७ मेला, अमेरिकी पाणबुडी ट्रायटनने बुडवलेली होती. आरमाराला पत्ता नव्हता. नवा क्रमांक मिळाला तेव्हा ती आणि तिच्यावरची सगळी माणसं समुद्राच्या तळाशी होती.

जलतरंगवर कोण कोण होतं ते मी शोधतेय, आणि आज मन त्या पाणबुडीतल्या पोरांपाशीही गेलं. तेही कुणाचे तरी धाकटे आजोबा.

आणखी एक जोडी मिळाली. सिंधियाने हज यात्रेसाठी बोटी काढल्या होत्या, त्यांतल्या दोन एल मदिना आणि एल हिंद. एल मदिना १६ मार्च १९४४ ला बंगालच्या उपसागरात जपानी पाणबुडीने बुडवली. एल हिंद त्यानंतर महिन्याच्या आत इथे गोदीत जळाली. दोघींवर यात्रेकरू नव्हते, युद्धाने दोघींना सैन्याच्या कामाला जुंपलं होतं.

९ फेब्रुवारी

भाचा म्हणाला, पहिल्या महायुद्धाचंही घे. घेतलं, आणि मुंबईच्या दारातच सुरुंग निघाले.

'वोल्फ' नावाची जर्मन बोट ३० नोव्हेंबर १९१६ ला कीलहून निघाली. वरून साधी मालवाहू, आत तोफा, सुरुंग आणि सुटे भाग करून ठेवलेलं छोटं विमान. आफ्रिकेच्या टोकाचं केप, कोलंबो आणि मुंबई या तिन्ही ठिकाणी तिने गुपचूप सुरुंग पेरले. मुंबईसमोर पेरले ते फेब्रुवारी १९१७ मध्ये. ती निघून गेली. ४५१ दिवस समुद्रावर राहून फेब्रुवारी १९१८ मध्ये परत कीलला पोचली. सुरुंग मात्र इथेच वाट बघत राहिले. १९१७ च्या जूनमध्ये सिटी ऑफ एक्सेटर त्यांना लागली, पण वाचली (माझा आवडता शब्द लिहिला : दुरुस्त होऊन निघाली). २३ जूनला पी अँड ओ या ब्रिटिश कंपनीची मंगोलिया बुडाली, ९,५०५ टनांची प्रवासी बोट, ऐन पावसाळ्यात. जुलैअखेर ओखला. नोव्हेंबरमध्ये क्रॉक्स्टेथ हॉल.

फेब्रुवारीत पेरलेलं नोव्हेंबरमध्ये फुटलं. "तारीख" या रकान्याचे दोन भाग करावे लागले : घाव घातला ती तारीख, आणि घाव बसला ती.

१६ फेब्रुवारी

काम नाही. डोळे दुखतात.

२३ फेब्रुवारी

तिलावा. आज दुसरं काहीच केलं नाही.

ब्रिटिश इंडिया कंपनीची १०,००६ टनांची बोट. नोव्हेंबर १९४२ मध्ये मुंबईहून मोंबासा, मापुटो, डर्बनच्या वाटेला लागली. बरेचसे प्रवासी आफ्रिकेत पोटापाण्याला निघालेले किंवा तिथे असलेल्या नवऱ्याकडे, बापाकडे निघालेली बायकामुलं. २३ नोव्हेंबरच्या पहाटे, सेशेल्स बेटांपासून सुमारे ९३० मैलांवर, जपानी पाणबुडी आय-२९ ने पहिला टॉर्पेडो मारला. माणसं होड्यांतून खाली उतरली, बोट लगेच बुडाली नाही, काही जण परत वर चढायला लागले. तेव्हा दुसरा लागला. ब्रिटिश क्रूझर बर्मिंगहॅमने बहुतेकांना उचललं आणि २७ नोव्हेंबरला मुंबईला आणलं. ९५८ पैकी ६७८ वाचले, २८० गेले.

आय-२९ हे नाव वाचताना काहीतरी टोचत होतं. शोधलं. एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळच्या खवळलेल्या समुद्रात जर्मन पाणबुडीतून नेताजी सुभाषचंद्र बोसांना उतरवून घेतलं ती हीच पाणबुडी. लहानपणी तो प्रसंग मी किती वेळा ऐकला असेन, अंगावर काटा येऊन. त्या पाणबुडीच्या मागे पाच महिने आधीची तिलावा आहे हे कुणी जोडून सांगितलं नव्हतं. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत, म्हणून दोन्ही तक्त्यात एकाच ओळीत लिहिल्या. ती पाणबुडीही जुलै १९४४ मध्ये बुडाली.

तिलावावर चांदी होती, दक्षिण आफ्रिकेच्या टांकसाळीसाठी. २,३६४ विटा. २०१७ मध्ये सुमारे अडीच किलोमीटर खोलीवरून ती वर काढली गेली, मालकीवरून खटला चालला, आणि मे २०२४ मध्ये ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयाने दक्षिण आफ्रिकेच्या बाजूने निकाल दिला. चांदीच्या विटेविटेचा हिशेब आहे. मुंबईच्या स्फोटात किती माणसं गेली याचे आकडे आठशेपासून तेराशेपर्यंत पसरलेत. फोर्ट स्टिकीनवर सोन्याच्या विटा किती? एकशे चोवीस. एक अठ्ठावीस पौंडांची वीट मैलभर उडून एका पारशी गृहस्थाच्या घराच्या व्हरांड्यात पडली आणि त्यांनी ती परत नेऊन दिली, इथवर नोंद आहे. पुढे कित्येक वर्षं गाळ काढताना विटा सापडत राहिल्या आणि सरकारजमा होत राहिल्या.

आज तक्त्यात नवा रकाना घातला : माणसं. आधी का घातला नव्हता, याची मला लाज वाटते.

२ मार्च

मजुरांच्या हजेरीपटासाठी एका कार्यालयात अर्ज दिला होता. उत्तर आलं : त्या काळाचे कागद उपलब्ध नाहीत. दोन ओळींचं पत्र, तिसऱ्या ओळीत सही. अर्ज पुन्हा दिला आहे, या वेळी "हजेरीपट" ऐवजी "भरपाईची नोंद" मागितली. मजुरी देताना कागद हरवतो, पण भरपाई देताना कुणीतरी सही-अंगठा घेतोच.

९ मार्च

आजच्याच तारखेला, १९४३ साली, मुरगाव बंदरात चार बोटी जळाल्या. एरेनफेल्स, ड्राखेनफेल्स, ब्राउनफेल्स या ब्रेमेनच्या हान्सा कंपनीच्या तीन, आणि अँफोरा ही इटालियन. युद्ध सुरू झाल्यावर पोर्तुगीज गोवा तटस्थ म्हणून त्या आसऱ्याला आल्या आणि तिथेच अडकून पडल्या. एरेनफेल्सवरच्या बिनतारी यंत्रातून ब्रिटिश बोटींच्या वेळा बाहेर जातात, असा ब्रिटिशांचा संशय होता. तटस्थ बंदरात फौज घालता येत नाही. म्हणून कलकत्त्याच्या हौशी घोडदळातली, नोकरी-धंदा करणारी, चाळिशी उलटलेली माणसं 'फीबी' नावाच्या गाळ वाहणाऱ्या बोटीतून भारताला वळसा घालून आली आणि रात्री एरेनफेल्सवर चढली. तिचा कप्तान मारला गेला. तेव्हा जर्मन खलाशांनी ठरल्याप्रमाणे समुद्राचं पाणी आत घेणारे आपल्या बोटीचे झडप-दरवाजे उघडले, आगी लावल्या. ते बघून बाकीच्या तिन्ही बोटींवरही तेच झालं. हे सगळं १९७८ पर्यंत झाकून राहिलं.

आता "कशामुळे" मध्ये काय लिहू? "हल्ला" लिहिलं तर तीन बोटींवर कुणी चढलंच नव्हतं. "स्वतः बुडवली" लिहिलं तर झालेल्या हल्ल्यावर पांघरूण पडतं. शेवटी लिहिलं : "एरेनफेल्सवर हल्ला, चारही बोटी आपापल्या खलाशांनी बुडवल्या." रकान्यात मावत नाही. नाही मावत तर नाही. ओळ उंच केली.

१६ मार्च

गावी आले. गुहागरहून वडाप, पुढे पायी. आंब्याला मोहोर बरा आहे.

आत्याने देव्हाऱ्याखालच्या लाकडी पेटीतून कुंकवाची जुनी डबी काढली, डबीतून फडकं, फडक्यातून बिल्ला. पितळी, गोल, रुपयाच्या दुप्पट. वरच्या अंगाला भोक, त्यात काळा पडलेला दोरा. इंग्रजीत बी.पी.टी., खाली ठोकून उठवलेला आकडा : ६१३. सहाच्या पोटात हिरवट कळंक. आणि खालची कड आतल्या बाजूला वळलेली, पोळीची कड तव्यावर उचलून येते तशी. पितळ असं सहजी वळत नाही. मी तो उन्हात धरून बघत होते. आत्या म्हणाली, "घासू नकोस हां. आजपातुर कुणी घासलेला नाय."

गावचाच एक मुकादम गोदीत होता. दिवाळीच्या सुमारास, म्हणजे स्फोटानंतर सहा-सात महिन्यांनी, त्याने हा आणून दिला. मलबा उपसायला आठ हजार माणसं सहा-सात महिने लागली होती, तेव्हा ही वेळ जुळते. कुठल्या ढिगात, कुठल्या शेडजवळ सापडला, ते त्याने सांगितलं असेल तर ऐकणारे आता नाहीत.

बी.पी.टी. म्हणजे बॉम्बे पोर्ट ट्रस्ट. माझ्या शोधाच्या दृष्टीने ही तीन अक्षरं मोठी आहेत. बोटीच्या आत उतरून माल हलवणारे मजूर खाजगी स्टीव्हेडोरकडचे, म्हणजे माल चढवण्या-उतरवण्याच्या कंत्राटदाराकडचे. पोर्ट ट्रस्टचा बिल्ला म्हणजे माणूस धक्क्यावरचा. धक्क्यावरच्या क्रेनवाल्याची कुठली एक बोट नसते, आज ही लागली, उद्या ती. मग घरात "जलपद्मावर" का म्हणतात?

आत्याला विचारलं. ती बराच वेळ तांदूळ निवडत राहिली. मग म्हणाली, "आई सांगायची, जलपद्मा त्येंच्यावर इली. बोट माणसावर इली, असा सांगायची."

आम्ही नातवंडांनी शब्द उलटा केला होता. ते बोटीवर गेले नव्हते, बोट त्यांच्यावर आली होती. धक्क्यावर.

१७ मार्च

निघताना आत्याला श्राद्धाची तिथी विचारली. इंग्रजी तारीख तिला ठाऊक नाही. "चैत्र वद्य षष्ठी. आमच्याकडं कधी चुकलेली नाय."

२३ मार्च

शके १८६६ चं पंचांग एका जुन्या पंचांगसंग्रहात मिळालं, पान पिवळं, कडा उंदरांनी खाल्लेल्या. चैत्र वद्य. बोट खाली सरकवत गेले. षष्ठी, शुक्रवार, १४ एप्रिल.

ऐंशी वर्षं या घरात कुणी वर्तमानपत्र जपलं नाही, कुणी दाखला मागितला नाही. बायकांनी तिथी जपली. सेन्सॉरमुळे मुंबईच्या वर्तमानपत्रांना मे महिना उजाडेपर्यंत खरं छापता आलं नव्हतं, दुसऱ्याच दिवशी जपान्यांच्या ताब्यातल्या सायगावच्या रेडिओने मात्र सविस्तर सांगितलं होतं. आमच्या पणजीने रेडिओ ऐकलेला नाही. तिला गावी निरोप पोचला तो आठवड्याने, पण दिवस बरोबर पोचला.

"खात्री" रकान्यात पूर्ण खूण. दोन वेगळे हात आहेत : एक पंचांगकर्त्याचा, एक पणजीचा.

३० मार्च

पाडवा. गुढी, श्रीखंड, पाहुणे. तक्ता उघडला नाही.

५ एप्रिल

आज राष्ट्रीय सागरी दिन. १९१९ मध्ये याच तारखेला सिंधियाची पहिली बोट लॉयल्टी मुंबईहून लंडनला निघाली. या दिवशी मी १४ एप्रिलची दुपार तासातासाने लिहून काढली.

फोर्ट स्टिकीन एक नंबरच्या धक्क्याला. जेवणाची सुट्टी. इराण आणि फोर्ट क्रेव्हिएवरच्या काहींना साडेबाराच्या पुढे फोर्ट स्टिकीनच्या बाजूने धुराची रेघ दिसली होती. बोटीवरच्यांना ठाऊक असेलच, असं प्रत्येकाने धरलं. दीड वाजता मजूर परतले, तेव्हा दुसऱ्या नंबरच्या होल्डमधून, म्हणजे माल भरायच्या तळघरातून, धूर येताना दिसला. पाण्याचे पाइप सोडले. अग्निशामक दलाला इशारा गेला तो २ वाजून १६ मिनिटांनी. पोटात स्फोटकं आहेत हे सांगणारं लाल निशाण बोटीवर नव्हतं, युद्धकाळात ते लावत नसत. बाहेर काढावी की इथेच बुडवावी, यावर वरिष्ठांचं एकमत होईना. इथे बुडवावी तर पाणी पुरेसं खोल नाही. शेकडो टन पाणी आत गेलं. कापूस तरंगून वर आला, आग त्याच्याबरोबर वर, स्फोटकांच्या दिशेने सरकली. ३ वाजून ५० मिनिटांनी बोट सोडायचा हुकूम. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट. सिमल्याच्या भूकंपमापकावर त्याची रेघ उमटली. अर्ध्या तासाने दुसरा. जळते गठ्ठे मांडवी, मशीद बंदरच्या छपरांवर पडले. दाण्याची कोठारं पेटली. ऐंशी हजारांच्या घरात माणसं बेघर झाली.

दलाचे ६६ जवान गेले. फोर्ट स्टिकीनचा कप्तान नाइस्मिथही.

माझ्या मनातून एक गोष्ट हलत नाही : दीड ते चार. अडीच तास. बिडीच्या थोटकासारखं काहीतरी कापसात पडलं असावं, असा अंदाज चौकशीत निघाला. त्या थोटकाचा मला राग येत नाही. लाल निशाण नसल्याचा येतो. धक्क्यावरच्या क्रेनवाल्याला त्या बोटीच्या पोटात काय आहे हे ठाऊक असतं, तर त्या अडीच तासांत तो भायखळ्यापर्यंत चालत पोचला असता.

१२ एप्रिल

मशीद बंदरला इंडियन सेलर्स होममध्ये गेले. समुद्राशिवाय ज्यांना दुसरी कबर नाही, अशा पहिल्या महायुद्धातल्या दोन हजारांहून अधिक खलाशांचं स्मारक इथे आहे. दुसऱ्या युद्धात गेलेल्या हजारो भारतीय खलाशांचंही. नावं वाचत गेले. रत्नागिरीकडची, गोव्याची, गुजरातची, पंजाबची, सिल्हेटची. डेकवर कोकणी मुसलमान, जेवणघरात गोवेकर, भट्टीपाशी पठाण आणि सिल्हेटी, अशी त्या बोटींवरची वाटणीच असायची. मंगोलियासारख्या बोटी याच हातांवर चालत.

धाकटे आजोबा इथे नसणार हे ठाऊक होतं. ते खलाशी नव्हते. तरीही आमचं आडनाव असलेल्या एका ओळीपाशी थांबले. कोण असेल? तक्त्यात वेगळी नोंद केली, पुढे शोधायची.

बाहेर पडून गोदीच्या दिशेने चालत गेले. प्रिन्सेस गोदी १८८० ची, व्हिक्टोरिया १८८८ ची. दोन्ही आता भरावाने बुजवल्या आहेत. जिथे त्या बोटी लागल्या होत्या तिथे पाणी नाही. भिंतीपलीकडे कंटेनरच्या रांगा दिसल्या. उन्हात पत्रा तापल्याचा वास येत होता.

१४ एप्रिल

सकाळी भायखळ्याला, अग्निशामक दलाच्या मुख्यालयातल्या स्मारकावर फूल ठेवायला. आजपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह, तो या ६६ जणांमुळेच. रस्ते निळ्या झेंड्यांनी भरलेले, आंबेडकर जयंतीच्या मिरवणुकांची तयारी. एका ट्रकवरच्या पोरांनी मला पाणी दिलं आणि विचारलं, आजी, हातात फुलं कुणासाठी? सांगितलं. त्यांतला एक म्हणाला, त्याचे पणजोबा गोदीत हमाल होते. नाव-गाव लिहून घेतलं. फोन करणार आहे.

दुसऱ्या अर्जाचं उत्तर अजून नाही.

१९ एप्रिल

चैत्र वद्य षष्ठी. गावी.

वडे, खीर, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. आत्याने सकाळपासून पाणीसुद्धा घेतलं नव्हतं. भटजींनी संकल्पात नाव-गोत्र म्हटलं. मग आत्या एकदम म्हणाली, "त्या बोटीचा नाव पण घ्या." भटजी थबकले. असं काही पोथीत नसतं. पण म्हातारे भले, म्हणाले, बोटीचं नको, जागेचं घेऊ. आणि त्यांनी म्हटलं : मुंबापुरी, व्हिक्टोरिया गोदी, धक्का.

मागीलदारी पान ठेवलं. कावळा लगेच शिवला.

दुपारी वही उघडून आत्यासमोर बसले. जलपद्माच्या ओळीत "काय झालं" मध्ये "फुटली, मागचा भाग धक्क्यावर" असं होतं. "माणसं" हा रकाना रिकामा होता. लिहिलं : "धक्क्यावर एक. क्रेनवाला. बिल्ला ६१३. गुहागर तालुका." आत्याने ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं, बिल्ला हातात धरून, आकडा ताडून बघत. मग तो फडक्यात, फडकं डबीत, डबी पेटीत.

सोमवारपासून बरोडा घेते. तिच्या शेजारच्या धक्क्यावर कोण होतं, तिथून सुरुवात.